उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग: जोड कसा द्यावा आणि हार्नेस कधी बदलावा

प्रश्न थोडक्यात असा: कागलजवळ उसाच्या फडाला लागून असलेल्या शेडमध्ये पेट्रोल हॅचबॅक काही आठवडे उभी होती. तोड झाल्यावर उंदीर बॉनेटखाली शिरले. चेक इंजिनचा दिवा लागला, रेडिएटरचा फॅन गाडी थंड असतानाही थांबेना, उजवा हेडलाइट गेला. गावातल्या मेकॅनिकनं तुटलेल्या वायरी पिळून काळी टेप गुंडाळून दिली आणि सगळं सुरू झालं. पाऊस लागल्यावर दिवा परत आला, ॲव्हरेज पडलं आणि तोच हेडलाइट पिवळट जळतो. सर्व्हिस सेंटर पूर्ण हार्नेस (वायरींचा सगळा जुडगा) बदलायला सांगतंय. बदलावा का?

वर्णनावरून तरी हार्नेस बदलायची गरज दिसत नाही. मात्र टेपखालचा प्रत्येक जोड कापून नव्यानं द्यावा लागेल. जुन्या जोडावर आणखी टेप किंवा सिलिकॉन चोपडून काहीही होणार नाही, कारण बिघाड आता तांब्याच्या आत गेलेला आहे.

आधी तुमच्या लक्षणांचा अर्थ लावू. कूलंट टेंपरेचर सेन्सरची वायर पूर्ण तुटली की ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) तापमान उणे ४० अंशांच्या आसपास दिसतं. असा आकडा खरा नसणार हे त्याला कळतं आणि इंजिन तापू नये म्हणून तो फॅन कायम चालू ठेवतो. पहिल्यांदा झालं ते हे. आता वायर तुटलेली नाही, पण जोडात पाणी शिरून तांबं हिरवं पडलंय आणि तिथं रोध (विजेला होणारा अडथळा) वाढलाय. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर २० अंशांना साधारण २५०० ओहम, ६० अंशांना ६०० आणि ८० अंशांना सव्वातीनशे ओहम दाखवतो. म्हणजे जोडात पावणेतीनशे ओहमची भर पडली, की ८० अंशांवर असलेलं इंजिन ईसीयूला ६० अंशांवर दिसतं. इंजिन अजून गरम झालेलं नाही असं समजून तो पेट्रोल जास्त सोडतो. ॲव्हरेज पडण्याचं सर्वांत संभाव्य कारण हेच. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेशी आणि एकमेकांशी दोन-चार अंशांच्या फरकानं जुळायला हवेत.

हेडलाइटचं गणितही तसंच आहे. ५५ वॉटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर खेचतो. जोडात तीन दशांश ओहमचा रोध असला तरी जवळपास दीड व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. बल्बला साडेतेरा व्होल्टऐवजी बारा मिळाले की जवळपास एक तृतीयांश उजेड जातो. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या धुक्यात तो एक तृतीयांश उजेड फार मोलाचा असतो. शिवाय खर्ची पडलेली वीज त्या जोडात उष्णता होऊन बसते, टेपचा गोंद वितळवते आणि जोड आणखी सैल करते.

अशा ठिकाणी मल्टिमीटरचा बझर फसवतो. तो तपासताना मिलिअँपिअरच्या घरातला करंट सोडतो. वायरची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. म्हणून जोडाची परीक्षा भार देऊनच घ्यायची. हेडलाइट चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक जोडाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतात, ०.१ व्होल्टच्या वर गेलं की तो जोड बाद. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थ (निगेटिव्ह) पिनपर्यंत मोजा, तिथंही ०.१ च्या आत हवं. हेडलाइटच्या तक्रारीत निम्म्या वेळा दोष प्लसच्या बाजूला नसतो, बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टखाली गंज असतो. तो बोल्ट सोडून थिंबल (वायरच्या टोकाची कडी) आणि पत्रा पॉलिशपेपरनं चकचकीत करायला दहा मिनिटं लागतात आणि ते आधीच करून टाकावं.

आता प्रत्यक्ष काम. इन्शुरन्सचा क्लेम करायचा असेल तर काही सोडण्याआधी कंपनीला कळवा, कुरतडलेल्या वायरींचे आणि लेंड्यांचे फोटो घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर वायर कापण्याआधी लेखी विचारा. मग चावी काढून १० नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. एअरबॅगच्या आसपास हात जाणार असेल तर त्यानंतर निदान तीन मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तिकेत जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा.

हार्नेस जिथं कुरतडलेला दिसतो तेवढाच उघडू नका. काळ्या नालीदार पाइपला लांबीनं चीर असते, तिथून तो उलगडा आणि दिसणाऱ्या इजेच्या दोन्ही बाजूंना एकेक वीत टेप सोडा. इन्सुलेशनवर दोन बारीक दातांच्या खुणा असतात, आत तांबं उघडं असतं, पण वायर तुटलेली नसते. आज अशी वायर चालते आणि पुढच्या पावसात बंद पडते. उंदरांच्या आवडीच्या जागा ठरलेल्या आहेत: गिअरबॉक्सचा वरचा सपाट भाग, बॅटरीच्या ट्रेमागची खाच, इनटेक मॅनिफोल्डची मागची बाजू, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) नमद्यामागं, काचेखालच्या वायपरच्या जाळीत. केबिन फिल्टरही काढून बघा. तिथं भुसा किंवा कापूस दिसला तर डॅशबोर्डच्या आतलं वायरिंगही तपासावं लागेल.

तुटलेल्या प्रत्येक वायरचा मूळ रंग, पट्ट्याचा रंग आणि जाडी वहीत लिहून घ्या. एकाच ठिकाणी पाच-सहा वायरी तुटल्या असतील तर सगळ्या एकदम कापायच्या नाहीत. एक पूर्ण करून मगच दुसरी. एकाच रंगाच्या दोन वायरी असतील तर कप्लरच्या (वायरींच्या प्लगच्या) पिनपासून मीटरनं शोधूनच जोड द्या. अंदाजानं जोडलेली ५ व्होल्टची सप्लाय आणि १२ व्होल्टची वायर अदलाबदल झाली, तर ईसीयूच जातो.

वायर कोणती घ्यायची? सेन्सरसाठी बहुधा ०.३५ ते ०.५ चौरस मिलिमीटर, इंजेक्टर आणि कॉइलसाठी ०.५ ते १, एका हेडलाइटसाठी १ ते १.५, रेडिएटर फॅनसाठी २.५ ते ४. मूळ वायरएवढी किंवा तिच्याहून एक पायरी जाड, कधीही बारीक नाही. घरातल्या वायरिंगची उरलेली वायर इथं चालत नाही. तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांसाठी असतं, बॉनेटखाली तापमान त्याच्या पुढं जातं आणि पेट्रोल-ऑइलच्या वाफेनं ते कडक होऊन तडकतं. गाडीची पातळ कवचाची वायर १०५ अंशांसाठी बनवलेली असते आणि तिच्या तारा बारीक, जास्त संख्येनं असतात, म्हणून ती थरथर सोसते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑटो वायरिंगचं सामान घेताना ऑटो वायरच मागा आणि टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, ती परत करा. क्रिंपखाली (धातूची नळी चेपून दिलेल्या जोडाखाली) ती दबत जाते आणि ओल लागली की पिठासारखी होते.

जोड देण्याआधी जुनं टोक मागं कापत जा, तांबं आतून लालसर चमकदार दिसेपर्यंत. पाणी केशाकर्षणानं इन्सुलेशनच्या आत चढत जातं, त्यामुळं पावसात महिनाभर राहिलेल्या पिळलेल्या जोडात काळेपणा ५ ते १० सेंटिमीटर आत गेलेला सापडतो. काळं पडलेलं तांबं ना क्रिंपमध्ये नीट धरतं ना डाग (सोल्डर) घेतं. तेवढी वायर कमी पडली तर मध्ये नवा तुकडा घालून दोन जोड द्यावेत. ओढून-ताणून एका जोडात भागवू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, ताणलेली वायर कप्लरच्या पिनपाशी तुटते.

जोड क्रिंपचा की डाग मारलेला, यावर वाद चालतो. माझं मत स्पष्ट आहे: बॉनेटखाली क्रिंप. डाग मारताना कथील तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो त्या रेषेवर वायर थरथरीनं तुटते. डॅशबोर्डखाली, जिथं हालचाल नाही, तिथं डागाचा जोड उत्तम चालतो. इंजिनच्या बाजूला डागच मारावा लागला तर आधी दोन्ही टोकं एकमेकांत गुंफून घट्ट करा, राळेच्या फ्लक्सचं सोल्डर वापरा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटरच्या आत वायर बांधून टाका. पत्र्याला वापरतात ते आम्लाचं फ्लक्स वायरीला कधीच लावू नका, ते पुसलं जात नाही आणि आतून तांबं खात राहतं.

क्रिंपसाठी गोंदाचं अस्तर असलेले हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारे) बट कनेक्टर किंवा नुसते तांब्याचे कथील चढवलेले फेरूल (छोट्या नळ्या) घ्या. त्यांच्या आकाराचे रंग ठरलेले असतात: लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६ चौरस मिलिमीटर. ०.३५ ची वायर लाल कनेक्टरमध्ये ढिली बसते, म्हणून तिचं टोक दुप्पट सोलून दुमडून घालावं. साधारण ६ ते ८ मिलिमीटर सोला आणि एकही तार कापली जाऊ देऊ नका. दहा तारांपैकी दोन तुटल्या तर सरळ नवीन टोक घ्या. रॅचेट क्रिंपरच वापरा. तो पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडत नाही. पक्कडीनं चेपलेला जोड चपटा दिसतो पण तारांमध्ये पोकळी राहते, आणि पावसात परत येणाऱ्या गाड्यांत असले जोड हमखास सापडतात. क्रिंप झाल्यावर ओढून बघा. ०.५ च्या जोडानं पाच-सहा किलोचा ताण सहन केला पाहिजे, हातानं चांगला हिसका दिल्यावर सुटला तर तो आत्ताच सुटलेला बरा.

फेरूल वापरत असाल तर हीट श्रिंक स्लीव्ह आधी वायरमध्ये ओवून ठेवा, जोडाच्या दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर पुरेल एवढी लांब. तीनास एक आकुंचन पावणारी, आत गोंद असलेली स्लीव्ह घ्या. हीट गननं मध्यापासून टोकांकडं तापवत न्या आणि दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक कडा बाहेर येईपर्यंत थांबू नका. तो कडा दिसला म्हणजे पाण्याची वाट बंद झाली. लायटरनं स्लीव्ह एका बाजूनं जळते आणि दुसऱ्या बाजूला गोंद वितळतच नाही. पाच वायरींचे पाच जोड एकाच रेषेत देऊ नका, प्रत्येक जोड मागच्यापासून ३-४ सेंटिमीटर सरकवा. नाहीतर तिथं गाठ होते, पाइपमध्ये बसत नाही आणि दोन जोड एकमेकांवर घासून शॉर्ट व्हायला वाव राहतो. शेवटी कापडी हार्नेस टेप गुंडाळून नालीदार पाइप चढवा, चिरेची बाजू खाली ठेवा आणि कप्लरच्या आधी वायरला थोडा खाली झोल द्या. त्यामुळं ओघळणारं पाणी झोलाच्या तळातून गळतं, कप्लरपर्यंत जात नाही.

एक गोष्ट गावोगाव चुकताना दिसते, म्हणून वेगळी लिहितो. सेन्सरची अर्थ वायर तुटली की तिला जवळच्या बोल्टवर बॉडी अर्थ देऊन टाकतात. ही वायर मुळात बॉडीला जात नाही, ती ईसीयूच्या आत परत जाते. फॅन किंवा स्टार्टर चालू झाला की बॉडीवर काही दशांश व्होल्टची उसळी येते आणि सेन्सरचा ०.५ ते ४.५ व्होल्टचा संकेत तेवढ्यानं हलतो. परिणाम म्हणजे मधूनच धक्का, मधूनच दिवा, आणि स्कॅनरवर कधी एक तर कधी दुसरा कोड. तुमच्या मेकॅनिकनं असं केलं असेल तर ती वायर शोधून मूळ जागी जोडा.

कोणत्या वायरीला साधा जोड देऊ नये, तेही कळायला हवं. पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कप्लरच्या एअरबॅग वायरींना हात लावायचा नाही, त्यावर मल्टिमीटरही लावायचा नाही, तो भाग नवीनच घालायचा. ऑक्सिजन सेन्सरच्या पिगटेलला (कप्लरसकट येणाऱ्या छोट्या वायरीला) डाग मारायचा नाही. अनेक सेन्सर त्याच वायरीच्या तारांमधून बाहेरची हवा घेतात, म्हणून तो सेन्सर वायरीसकट बदलतात. चाकाजवळची एबीएसची वायर स्टिअरिंगबरोबर सतत वाकते, तिथला जोड टिकत नाही. क्रँक आणि नॉक सेन्सरच्या वायरीला जाळीचं आवरण असेल तर तेही जोडायचं आणि एकाच टोकाला अर्थ ठेवायचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलचा विषय तर घरच्या किंवा रस्त्यावरच्या दुरुस्तीचा नाहीच, ती शेकडो व्होल्टची असू शकते.

कॅन बसच्या (गाडीतले संगणक ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन पिळलेल्या वायरी मात्र जोडता येतात, काळजी घेतली तर. दोन्हींची लांबी सारखी ठेवा, जोडाजवळ पीळ सुटलेला भाग ५ सेंटिमीटरच्या आत राहू द्या आणि जोडानंतर पीळ परत घाला. बॅटरी सोडलेली असताना ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत ६० ओहम दिसतात, कारण टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात. १२० दिसले तर एक बाजू तुटलेली आहे, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सॉकेट आणि कॅन बसच्या मध्ये गेटवे (वेगळं मॉड्यूल) असलेल्या गाडीत हे माप सॉकेटवर मिळत नाही, मॉड्यूलच्या कप्लरपाशी घ्यावं लागतं.

मग पूर्ण हार्नेस कधी बदलायचा? वायरी शॉर्ट होऊन आतून एकमेकींत वितळल्या असतील तेव्हा, कारण किती लांबपर्यंत कवच मऊ पडलंय ते बाहेरून कळत नाही. कप्लरच्या अगदी तोंडाशी पाच-दहा वायरी कापल्या असतील आणि तयार पिगटेल मिळत नसेल तेव्हा. आणि पुराचं पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेलं असेल तेव्हा. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात ज्या गाड्या अशा बुडाल्या, त्यांत गाळ कप्लरच्या पिनांमध्ये बसला, आणि तशा गाडीत जोड देत बसणं म्हणजे महिन्यामहिन्याला नवा दोष शोधणं. पण बदलायचा ठरला तरी आधी विचारा की इंजिनचा हार्नेस, पुढच्या दिव्यांचा आणि डॅशबोर्डचा हे वेगवेगळे मिळतात का. बऱ्याच गाड्यांत मिळतात. तुमचं नुकसान इंजिनच्या बाजूलाच असेल तर तेवढाच भाग पुरेल. पार्ट नंबर चेसिस नंबरवरूनच काढायला सांगा, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिअंटचे कप्लर सारखे दिसतात पण पिनांची जागा वेगळी असते.

काम झाल्यावर फ्यूज मूळ अँपिअरचाच घाला: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. फ्यूज वायरीला वाचवतो. वारंवार उडतो म्हणून १० च्या जागी २० घातला, तर पुढच्या शॉर्टमध्ये वायर पेटते. निगेटिव्ह जोडल्यावर इंजिन चालू करा, बॅटरीवर बहुधा १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतील. हार्नेस हातानं हलवत स्कॅनरवरचे आकडे बघा, एखादा आकडा उडी मारत असेल तर दोष तिथंच आहे. कोड पुसा आणि कमीत कमी ४०-५० किलोमीटर, त्यात थोडा चढही येईल अशी चालवा. काही दिवस आयडलिंग जरा वेगळं वाटेल, पॉवर विंडोची ऑटो सोय परत शिकवावी लागेल, ते बिघाड नव्हेत.

उंदरांचा बंदोबस्त केला नाही तर हे सगळं पुढच्या तोडीला परत करायचं आहे. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडणं त्यांना चुकत नाही. त्यातून उसाचा फड मोकळा झाला की जवळची कोरडी, उबदार जागा ते धरतातच. बॉनेटखालचं घरटं, लेंड्या आणि मूत्र कापडानं साबणाच्या पाण्यात पुसून काढा, हातमोजे आणि मास्क घालून, आणि प्रेशर पंप वापरू नका. मूत्राचा वास राहिला तर दुसरे उंदीर तिथंच येतात. शेडमधून धान्याची पोती आणि पेंड हलवा. खालचं इंजिन गार्ड असेल तर त्याच्या फटींना ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी बसवा, एक्झॉस्टपासून अंतर ठेवून आणि फिरणाऱ्या पट्ट्याला लागणार नाही अशी. तंबाखूच्या पुड्या आणि डांबरगोळ्या बॉनेटखाली ठेवू नका: पुडी सरकून गरम मॅनिफोल्डवर पडली तर आग लागते, आणि डांबरगोळीचा वास एसीच्या वाटेनं केबिनमध्ये येतो. पिंजरा शेडमध्ये भिंतीला लागून लावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनं फिरतात. गाडी चालवायची नसली तरी दर तीन-चार दिवसांनी बॉनेट उघडून बघा. तोडीच्या दिवसांत शेडऐवजी घरासमोर उजेडात उभी करता आली तर जास्त बरं.